एनजीसी ४३७१ : दीर्घिकेतला दांडा मोजताना

कन्या राशीच्या दिशेला, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, हजाराहून अधिक दीर्घिकांचा एक गुच्छ आहे. वसंतात दुर्बीण घेऊन बसणारे बहुतेक जण त्यातल्या एम ८४ आणि एम ८६ या ठळक दीर्घिका गाठतात, तिथून मार्केरियनची साखळी म्हटल्या जाणाऱ्या दीर्घिकांच्या रांगेने पुढे सरकतात आणि एम ८७ पाहून समाधानाने थांबतात. एम ८४ च्या जवळजवळ नेमक्या दक्षिणेला, सव्वा अंशाहून किंचित कमी अंतरावर एनजीसी ४३७१ आहे. तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही. विल्यम हर्शेल यांनी १७८४ साली या भागाची जी झडती घेतली, तीत ही दीर्घिका प्रथम नोंदली गेली. वर्गीकरणाप्रमाणे ती दंडयुक्त भिंगाकार दीर्घिका आहे. म्हणजे सर्पिल दीर्घिकांसारखी चपटी तबकडी तिला आहे, परंतु सर्पिल फाटे नाहीत, नव्या ताऱ्यांचे निळे पुंजके नाहीत, आणि तबकडीच्या मध्यातून ताऱ्यांचा एक लांबट दांडा आरपार गेलेला आहे. हा दांडा यादीत लिहिला आहे म्हणून मान्य करण्याऐवजी तो स्वतः मोजून काढावा, असे मी ठरवले.

हीच दीर्घिका निवडण्याला कारण होते. भिंगाकार दीर्घिका सहसा नीरस समजल्या जातात. छायाचित्रात त्यांचा एक मऊ, पिवळसर ठिपका दिसतो आणि पाहणाऱ्याची नजर शेजारच्या सर्पिल दीर्घिकेवर जाते. एनजीसी ४३७१ मध्ये तर दांडाही सहजासहजी दिसत नाही, कारण तिची तबकडी समोरून दिसण्याच्या स्थितीपासून साठ अंशांच्या आसपास कललेली आहे आणि दांडा नेमका अशा दिशेला आहे की त्या कलण्यामुळे तो आखूड दिसतो. म्हणून इथे डोळ्यांचा कौल पुरेसा ठरत नाही आणि मोजमापावाचून गत्यंतर राहत नाही. मला हेच हवे होते.

सुरुवात मात्र मी डोळ्यांनीच केली. मोजायची वस्तू आधी स्वतःच्या दुर्बिणीतून पाहिलेली असावी, असा माझा आग्रह आहे. त्याने मोजमाप अधिक अचूक होत नाही, पण आपण कशाचे मोजमाप करतो आहोत याचे भान राहते. एप्रिलमधल्या अमावास्येच्या सुमारास तोरण्याच्या परिसरात, पुण्याच्या उजेडाचा घुमट ईशान्येला मागे टाकून, आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण लावली. पुण्याच्या अक्षांशावर ही दीर्घिका मध्यमंडल ओलांडताना डोक्यापासून जेमतेम सात अंशांवर असते. वातावरणाचा विचार केला तर ही जागा सर्वांत उत्तम, पण डॉब्सोनियन वापरणाऱ्यांना ठाऊक आहे की दुर्बीण जवळजवळ उभी झाली की ती आडवी फिरवणे अवघड होते आणि वस्तू सतत हातातून निसटते. त्यामुळे ती पूर्वेकडे चढत असताना, रात्री नऊ ते दहाच्या सुमारास, पाहणे सोयीचे पडते.

उत्तरा फाल्गुनी आणि व्हिंडेमिएट्रिक्स या ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्याजवळ एम ८४ आणि एम ८६ एकाच दृष्टिक्षेत्रात मिळाल्या. पूर्वेच्या आकाशात आपल्या अक्षांशावरून उत्तर दिशा जवळजवळ डाव्या हाताला येते, त्यामुळे दक्षिणेकडे जायचे म्हणजे दुर्बीण सावकाश उजवीकडे सरकवायची. एम ८४ दृष्टिक्षेत्राबाहेर गेल्यानंतर थोड्याच अवकाशात एक लहानसा, मधोमध ठळक आणि पूर्व-पश्चिम किंचित ताणलेला उजेड आत आला. तिची प्रत, म्हणजे तेजस्वितेचे माप, ११ च्या जवळ आहे, म्हणजे आठ इंची दुर्बिणीला ती अजिबात जड नाही. १२० पट मोठे करून पाहिल्यावर मध्यभाग ताऱ्यासारखा टोकदार नसून पसरट आहे हे कळले, तिरक्या नजरेने पाहिल्यावर भोवतीचा मंद भाग पूर्व-पश्चिम दिशेला आणखी लांब गेला. दांड्याचा मागमूस नव्हता. त्या रात्रीच्या नोंदीत मी एवढेच लिहिले की आतला ठळक भाग आणि बाहेरचा मंद भाग एकाच दिशेने लांबट आहेत. ही नोंद पुढे फार उपयोगी पडणार होती.

तिथे बसलेली असताना एक गोष्ट मनात आली, ती सांगते. दुर्बिणीत आलेला प्रकाश साडेपाच कोटी वर्षांपूर्वी निघालेला होता, आणि दुर्बिणीखालचा सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. म्हणजे तो प्रकाश निघाला तेव्हा हा खडक थिजून बराच काळ लोटला होता. मापाच्या दृष्टीने या विचाराला काही किंमत नाही, पण दूरच्या वस्तूचे अंतर समजून घ्यायला पायाखालचा दगड उपयोगी पडावा, याचा मला आनंद झाला.

पुढचे सारे काम घरी संगणकावर झाले. न्यू मेक्सिकोतील अपाचे पॉइंट येथील अडीच मीटर दुर्बिणीने केलेल्या स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेच्या प्रतिमा सर्वांना मोफत मिळतात. पाच गाळण्यांतून घेतलेल्या या प्रतिमांपैकी मी तांबड्याच्या पलीकडची ‘आय’ गाळणीची प्रतिमा मुख्य मापासाठी निवडली. दीर्घिकेतल्या वस्तुमानाचा मोठा वाटा जुन्या, तांबूस ताऱ्यांत असतो. त्यांचा प्रकाश या गाळणीत चांगला येतो आणि धुळीचा अडथळाही निळ्या गाळणीपेक्षा कमी होतो. या प्रतिमेतला एक चित्रबिंदू आकाशात ०.३९६ विकला भरतो (एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला). वातावरणाच्या थरथरीमुळे एखादा तारा एक विकलेहून थोडा जास्त पसरतो, त्यामुळे केंद्रालगतच्या पहिल्या दोन-तीन विकलांतल्या आकारावर विश्वास ठेवायचा नाही, ही मर्यादा मी आधीच आखून घेतली.

मोजमाप सुरू होण्याआधीची तयारी कंटाळवाणी वाटते, पण खरे यश तिथेच ठरते. आपल्याच आकाशगंगेतले काही तारे प्रतिमेत दीर्घिकेवर पडलेले दिसतात, आणि मागच्या खोल अवकाशातल्या बारीकसारीक दीर्घिकाही अधूनमधून डोकावतात. या सर्वांवर एकेक करून आवरण घालावे लागते, म्हणजे त्या चित्रबिंदूंकडे दुर्लक्ष करण्याची सूचना संगणकाला द्यावी लागते. एखाद्या ताऱ्याभोवतीचे आवरण लहान पडले तर त्याचा उरलेला उजेड समदीप्ती रेषेला आपल्याकडे ओढतो आणि तिथे खोटाच उंचवटा तयार होतो. ठळक ताऱ्यांची आवरणे मी हाताने मोठी केली. त्यानंतर पार्श्वभूमीच्या आकाशाचा प्रश्न. सर्व्हेच्या प्रतिमांतून आकाशाची चमक आधीच वजा केलेली असते, परंतु चार कला लांबीच्या दीर्घिकेचा अगदी बाहेरचा मंद प्रकाशही त्या वजाबाकीत थोडासा निघून जाण्याचा संभव असतो. म्हणून दीर्घिकेपासून पुरेशा दूर असलेले काही रिकामे चौकोन निवडून मी उरलेली पातळी पुन्हा तपासली, आणि ज्या अंतरावर दीर्घिकेचा उजेड या पातळीच्या अनिश्चिततेत बुडतो तिथे मोजमाप थांबवले.

आता मुख्य क्रिया. दीर्घिकेच्या प्रतिमेत एकसारखी चमक असलेले बिंदू जोडले की जवळजवळ लंबवर्तुळाकार रेषा मिळतात. याच समदीप्ती रेषा. केंद्रापासून बाहेर जाताना प्रत्येक टप्प्यावर संगणक एक लंबवर्तुळ बसवतो आणि त्याची लंबवर्तुळता व स्थितिकोन सांगतो. लंबवर्तुळता शून्य असेल तर रेषा गोल, आणि जसजशी ती वाढते तसतशी रेषा चपटी होते. स्थितिकोन उत्तरेकडून पूर्वेकडे मोजतात, त्यामुळे ९० अंश म्हणजे पूर्व-पश्चिम दिशा. या कामासाठी १९८७ साली येजेव्हस्की यांनी मांडलेली पद्धत आजही वापरली जाते आणि पायथन भाषेतील फोटयूटिल्स या संचात ती तयार मिळते. मी प्रत्येक लंबवर्तुळाची अर्धलांबी आधीच्यापेक्षा दहा टक्क्यांनी वाढवत गेले. पहिल्या फेरीत केंद्र मोकळे ठेवले, ते स्थिर आहे अशी खात्री पटल्यावर दुसऱ्या फेरीत ते बांधून टाकले.

जो आलेख मिळाला तो मी कितीतरी वेळ पाहत राहिले. केंद्रापासून सुमारे दहा विकलांपर्यंत लंबवर्तुळता वाढत जाते आणि स्थितिकोन पूर्व-पश्चिमेच्या जवळ राहतो. त्यापुढे लंबवर्तुळता झपाट्याने उतरते, रेषा गोल होऊ लागतात, आणि मग स्थितिकोन वळतो. थोडाथोडका नव्हे, सत्तर अंशांच्या घरात. सुमारे ३५ ते ४० विकलांच्या पट्ट्यात रेषा पुन्हा लांबट होतात, पण या वेळी उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय अशा दिशेने, १५९ अंशांच्या आसपास. त्याहून बाहेर गेल्यावर पुन्हा गोलाई येते, स्थितिकोन परत फिरतो, आणि बाहेरच्या तबकडीत तो पूर्व-पश्चिमेला स्थिरावतो. तिथे लंबवर्तुळता ०.४५ च्या आगेमागे राहते. वळणाच्या दोन्ही जागी स्थितिकोनाच्या अनिश्चिततेच्या उभ्या रेघा लांबच लांब झालेल्या होत्या. तसे होणे अपरिहार्यच आहे, कारण गोल होत चाललेल्या रेषेला दिशाच उरत नाही. तिथला प्रत्येक आकडा वेगळा वाचण्यापेक्षा वळणाचा एकंदर कल वाचायचा असतो.

आलेखावरून निष्कर्षाकडे जाणे हा या कामातला सर्वांत समृद्ध भाग आहे. दुर्बिणीतून दिसलेला आतला लांबट ठळक भाग हाच दांडा असावा, असे पाहणाऱ्याला सहज वाटेल. तसे का नाही, याचे उत्तर दिशेत आहे. बाहेरची तबकडी मुळात वर्तुळाकार आहे असे धरले तर ती आपल्याला पूर्व-पश्चिम लांबट दिसते, ती केवळ कललेली असल्यामुळे. त्याच तबकडीच्या पातळीत केंद्राभोवती एखादे लहान गोल वलय असेल, तर तेही नेमके त्याच दिशेने लांबट दिसले पाहिजे. दहा विकलांवरची रचना तशीच दिसते, म्हणून ती वलय किंवा लहान तबकडी आहे, असे मानण्याला कोणतीच हरकत उरत नाही. याउलट ३५ ते ४० विकलांवरची रचना तबकडीच्या आखूड अक्षाच्या जवळपास पसरलेली आहे. तबकडीच्या पातळीतली कोणतीही गोल वस्तू कितीही कलंडली तरी त्या दिशेला लांबट दिसू शकत नाही. म्हणजे ती रचना मुळातच लांबट आहे. हाच दांडा. दुर्बिणीतून जे लांबट दिसले ते खरे गोल निघाले, आणि जे गोलसर धुक्यासारखे वाटले त्यात खरी लांबी दडलेली होती.

वलयाची खातरजमा करण्यासाठी मी दुसरा मार्गही वापरला. मूळ प्रतिमेची एक प्रत मुद्दाम धूसर करून मूळ प्रतिमेला तिने भागले. एकसारखा उतरता उजेड त्यामुळे निघून जातो आणि बारीक रचना वर येतात. त्या भागाकारात, केंद्राच्या दोन्ही बाजूंना पूर्व आणि पश्चिमेला, दोन छोटे उजळ कोपरे उभे राहिले आणि त्यांना जोडणारी लंबवर्तुळाकार कड अंधूक पण अखंड दिसली. कललेले वलय असेच दिसते: लांब अक्षाच्या टोकांशी आपली दृष्टिरेषा वलयातून अधिक अंतर कापते, म्हणून तिथे उजेड साठल्यासारखा भासतो. पीटर अर्विन आणि लिंडा स्पार्क यांनी १९९९ सालीच या दीर्घिकेत ताऱ्यांचे केंद्रीय वलय असल्याचे दाखवले होते. त्यांचा निष्कर्ष मला आधी ठाऊक होता. तरीही ती कड स्वतःच्या पडद्यावर उमटताना पाहणे ही वेगळीच गोष्ट आहे.

नंतर दांड्याची खरी लांबी काढायची होती. यासाठी एक सोपी वाट उपलब्ध असते: प्रतिमा फिरवून तबकडीचा लांब अक्ष आडवा करायचा, आणि उभ्या दिशेने ती इतकी ताणायची की तबकडी गोल होईल. चित्र म्हणून हे फार देखणे दिसते, परंतु या दीर्घिकेत ते धोक्याचे आहे. केंद्राजवळचा फुगीर भाग तबकडीसारखा चपटा नसतो; तो उभ्या दिशेने ताणला की आखूड अक्षाच्या दिशेने एक खोटी लांबोळी तयार होते, आणि आपला दांडा नेमका त्याच दिशेला आहे! असे चित्र पाहून दांडा आहे म्हणणे म्हणजे आपणच ताणून केलेल्या वस्तूला शोध म्हणणे. म्हणून लांबी मूळ प्रतिमेवर मोजायची आणि दुरुस्ती गणिताने करायची, ही वाट मी धरली. तबकडीच्या लंबवर्तुळतेवरून, तिला थोडी जाडी आहे असे गृहीत धरून, तिच्या कलण्याचा कोन ५८ अंशांच्या जवळ येतो. दांडा आणि लांब अक्ष यांतला दिसणारा कोन सत्तर अंशांहून थोडा जास्त आहे. या दोन आकड्यांवरून दुरुस्तीचा गुणक १.८ च्या आसपास निघतो, म्हणजे दांडा दिसतो त्याच्या जवळजवळ पावणेदोन ते दोनपट लांब आहे. या अंतरावर एक विकला म्हणजे सुमारे २७० प्रकाशवर्षे. हिशेब केला तर केंद्रापासून टोकापर्यंत दांड्याची लांबी १७ ते २० हजार प्रकाशवर्षे भरते. कलण्याच्या कोनात दोन-तीन अंशांचा फरक पडला तरी हा आकडा बराच हलतो, त्यामुळे त्याला याहून बारीक पैलू पाडणे योग्य नाही.

या साऱ्या हिशेबाचा आधार अंतर आहे, आणि दीर्घिकागुच्छात अंतर हा नाजूक विषय असतो. एकाकी दीर्घिकेच्या बाबतीत दूर जाण्याच्या वेगावरून अंतराचा अंदाज बांधता येतो. गुच्छात ते चालत नाही, कारण गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या दीर्घिका आपापसात सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने धावत असतात. मी जिच्यावरून पुढे गेले ती एम ८६ तर सेकंदाला सुमारे २४० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येते आहे. एनजीसी ४३७१ चे अंतर वेगावरून न ठरवता दीर्घिकेच्या चमकेतल्या कणीदारपणावरून ठरवलेले आहे. जवळच्या दीर्घिकेत एका चित्रबिंदूत थोडे तारे सामावतात, त्यामुळे शेजारशेजारच्या बिंदूंच्या चमकेत चढउतार जास्त. दूरच्या दीर्घिकेत बिंदूगणिक तारे जास्त, म्हणून पोत गुळगुळीत. हबल दुर्बिणीने कन्या गुच्छातल्या शंभर दीर्घिकांची जी पाहणी केली, तीत ही दीर्घिकाही होती. घरच्या साधनांनी हे मोजमाप होण्यासारखे नाही, ते अंतर मी जसेच्या तसे घेतले.

पुढचा प्रश्न वलयाच्या वयाचा. दांड्याचे गुरुत्वाकर्षण तबकडीतल्या वायूचा फिरता आवेग काढून घेते, आणि तो वायू केंद्राकडे घसरतो. काही अंतरावर त्याची घसरण थांबते, तिथे तो वलयाच्या रूपाने साचतो आणि त्यातून तारे जन्मतात. अनेक सर्पिल दीर्घिकांत अशी वलये आजही निळ्या, तरुण ताऱ्यांनी झगमगतात. मी निळ्या-हिरव्या प्रकाशाची ‘जी’ आणि आधीची ‘आय’ या दोन गाळण्यांच्या प्रतिमांवरून रंगाचा नकाशा तयार केला, तेव्हा दहा विकलांच्या पट्ट्यात निळेपणाचा लवलेश दिसला नाही. धुळीच्या काळ्या रेघाही नव्हत्या. आतून बाहेर रंग शांतपणे बदलत जातो, आणि वलय त्यात वेगळे ओळखूही येत नाही. वलय आहे, पण ते घडवणारा वायू केव्हाच संपलेला आहे. किती वर्षांपूर्वी, हे रंगावरून सांगता येत नाही, कारण तारे जुने असले तरी तांबूस दिसतात आणि त्यांत जड मूलद्रव्ये जास्त असली तरी तांबूस दिसतात. इथे माझ्या साधनांची हद्द संपली.

त्यापुढचे काम चिलीमधील पारानाल येथील व्हेरी लार्ज टेलिस्कोपवरच्या म्यूज या उपकरणाने केलेले आहे. हे उपकरण एक कला बाय एक कला इतक्या आकाशाचे चित्र घेताना त्यातल्या प्रत्येक ठिपक्याचा वर्णपटही घेते. एका वेळी सुमारे ९० हजार वर्णपट. वर्णपटातल्या शोषणरेषांवरून ताऱ्यांचे वय आणि त्यांतली जड मूलद्रव्ये यांचा गुंता बऱ्याच अंशी सोडवता येतो. दिमित्री गादोत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली या दीर्घिकेचा म्यूजने केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. केंद्रीय वलयातले तारे प्रामुख्याने दहा अब्ज वर्षांच्या आसपास वयाचे निघाले. वलय दांड्याने घडवले असेल तर दांडा निदान तितकाच जुना असला पाहिजे, आणि दांडा तयार होण्यासाठी तबकडी त्याही आधी स्थिरावलेली असली पाहिजे. विश्वाचे आजचे वय १३.८ अब्ज वर्षे मानले तर विश्व चार अब्ज वर्षांचेही नसताना या दीर्घिकेची तबकडी आणि दांडा दोन्ही तयार होते. आरंभीच्या काळातल्या तबकड्या अस्ताव्यस्त आणि खळबळीच्या होत्या, दांडे बऱ्याच उशिरा आले, असे चित्र ज्यांच्या मनात असेल त्यांना हा निष्कर्ष विचार करायला लावील. मला यातले तर्कशास्त्र फार आवडते. दांड्याचे वय थेट मोजताच येत नाही, कारण त्यातले तारे दांडा होण्याआधीच तबकडीत जन्मलेले असू शकतात. म्हणून दांड्याने घडवलेल्या वस्तूचे वय मोजून दांड्याला खालची मर्यादा घालायची.

या दीर्घिकेतला वायू गेला कुठे, या प्रश्नाकडे पाहताना तिचा शेजार विसरता येत नाही. कन्या गुच्छाच्या दीर्घिकांमधली जागा रिकामी नाही. तिथे काही कोटी अंश तापमानाचा विरळ वायू भरलेला आहे आणि तो क्ष-किरणांत दिसतो. त्यातून वेगाने जाणाऱ्या दीर्घिकेवर या वायूचा वारा आदळतो आणि तिच्यातला थंड वायू ओढून बाहेर काढतो. जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी १९७२ साली ही कल्पना मांडली. १९८० साली अॅलन ड्रेसलर यांनी ५५ दाट गुच्छांची पाहणी करून दाखवले की दीर्घिकांची दाटी वाढत जाते तसे सर्पिल दीर्घिकांचे प्रमाण घटते आणि भिंगाकार दीर्घिकांचे वाढते. या दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडून, गुच्छाने सर्पिल दीर्घिकांचे भिंगाकार दीर्घिकांत रूपांतर केले, असे सांगण्याचा मोह होतो. एनजीसी ४३७१ बाबत मी तो मोह टाळते. तिच्या केंद्रातली ताऱ्यांची निर्मिती इतकी लवकर आटोपलेली आहे की स्वतः दांड्यानेच वायू आत ओढून खर्ची टाकला असणेही तितकेच शक्य वाटते. दोन्ही कारणे एकाच दीर्घिकेत वेगवेगळ्या काळी काम करू शकतात.

भिंगाकार दीर्घिकांमधल्या दांड्यांवर पुण्यातही मोलाचे संशोधन झालेले आहे, हे इथे आवर्जून सांगायला हवे. सुधांशु बारवे, योगेश वाडदेकर आणि अजित केंभावी यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ठळक भिंगाकार दीर्घिकांपेक्षा मंद भिंगाकार दीर्घिकांत दांडे अधिक प्रमाणात आढळतात असे दाखवले. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दीर्घिका एकाच वाटेने घडलेल्या नसाव्यात, या मताला त्याने बळ मिळते. मी वापरलेल्या स्लोन सर्व्हेच्याच प्रतिमा त्यांनीही वापरलेल्या आहेत. ज्यांना या विषयात हात घालायचा आहे त्यांनी एनजीसी ४३७१ सारखी जवळची, मोठी दीर्घिका घ्यावी. दूरच्या गुच्छातल्या दीर्घिकेत दांडा चार-पाच चित्रबिंदूंचाच उरतो आणि दुर्बिणीच्या धूसरपणात हरवतो. आधी कललेल्या तबकडीत गोल काय आणि लांबट काय हे ओळखण्याचा सराव व्हावा लागतो.

सध्या मी याच गुच्छाच्या उत्तर भागातली एनजीसी ४३४० घेतली आहे. तीही दंडयुक्त भिंगाकार आहे, तिच्यातही जुन्या ताऱ्यांचे वलय आहे, आणि वलयाच्या आत आणखी एक लहान दांडा आहे. अडचण अशी की आतला आणि बाहेरचा दांडा जवळजवळ समांतर आहेत. एनजीसी ४३७१ मध्ये स्थितिकोनाच्या वळणाने सगळा उलगडा केला; इथे ते वळण मिळणारच नाही. म्हणून ताऱ्यांवरची आवरणे पुरी झाल्यावर लंबवर्तुळतेतले दोन वेगळे उंचवटे आणि धूसर प्रतिमेने केलेला भागाकार, या दोहोंच्या आधाराने आतला दांडा वलयापासून वेगळा करता येतो का, हे पाहणे हा पुढचा टप्पा आहे.